केंद्रकाविरुद्ध उठलेले रक्त : ल्युपसच्या आकलनाचा इतिहास

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, म्हणजे डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या रोजच्या बोलण्यातला नुसता ल्युपस, हा आजार कोणत्याही एका अवयवाचा नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर पसरणारी लाली, उन्हात गेल्यावर उठणारे चट्टे, सुजलेले सांधे, न हटणारा ताप, तोंडातले व्रण, गळणारे केस, हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या आवरणांचा दाह, रक्तपेशींची घट, मूत्रपिंडांचा बिघाड, क्वचित झटके आणि मनोविकार अशी त्याची लक्षणे असून ती सर्व रुग्णांत सर्व वेळी दिसत नाहीत. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेकींना तो ऐन तारुण्यात गाठतो. इतक्या विखुरलेल्या लक्षणांना एका आजाराच्या कक्षेत आणायला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या सर्वांच्या मुळाशी पेशीच्या केंद्रकातील डीएनए, आरएनए आणि त्यांना बिलगलेली प्रथिने यांच्याविरुद्ध शरीराच्याच प्रतिकार यंत्रणेने पुकारलेला लढा आहे, हे कळायला आणखी काही दशके जावी लागली. या आजाराच्या इतिहासात संशोधकांची नजर त्वचेवरून अवयवांकडे, अवयवांतून रक्ताकडे, रक्तातून केंद्रकाकडे आणि अखेर जनुकांकडे वळत गेली, आणि प्रत्येक वळणावर आधीच्या पिढीने किरकोळ म्हणून बाजूला ठेवलेली एखादी खूण निर्णायक ठरली.

मध्ययुगीन युरोपात चेहऱ्याची कातडी आणि मांस खात जाणाऱ्या जवळपास प्रत्येक व्रणाला ‘लांडगा’ या अर्थाचा हा लॅटिन शब्द लावला जात असे, त्यामुळे त्वचेचा क्षय, कर्करोग आणि आजचा ल्युपस हे सारे एकाच नावाखाली गोळा झाले होते. त्यांतून हा आजार निराळा काढण्याचे काम पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सुरू झाले. तेथील लॉरां बिएत यांच्या निरीक्षणांच्या आधारे त्यांचे शिष्य पिएर काझनाव्ह यांनी १८३३ मध्ये कडेकडेने पसरत जाणाऱ्या लालसर चट्ट्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १८५१ मध्ये त्या विकाराला ल्युपस एरिथेमॅटोसस हे नाव दिले. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी गालांवरच्या लालीची तुलना फुलपाखराशी केली, ती आजही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. हेब्रा यांचे जावई मोरिट्झ कापोसी यांनी मात्र १८७२ मध्ये खरी पुढची मजल मारली. चकतीसारखे चट्टे उमटून त्वचेपुरता राहणारा प्रकार आणि ताप, सांधेदुखी, सुजलेल्या लसीका ग्रंथी, वजनातील घट, रक्तक्षय व भ्रम यांसह सर्व शरीरात फैलावून जिवावर बेतणारा प्रकार असे दोन भेद त्यांनी स्पष्ट केले. त्वचारोगतज्ज्ञाने त्वचेच्या पलीकडे पाहण्याचा तो क्षण होता, आणि त्याचे मोल त्या काळी फारसे ओळखले गेले नाही.

नावाच्या सारखेपणामुळे झालेला गोंधळ मात्र दीर्घकाळ टिकला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधल्यानंतर ल्युपस व्हल्गॅरिस हा त्वचेचा क्षय आहे हे सिद्ध झाले, परंतु त्यामुळे ल्युपस एरिथेमॅटोससही क्षयाचेच एखादे रूप असावे ही समजूत अनेकांच्या मनात विसाव्या शतकातही बराच काळ राहिली. नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रामुख्याने ल्युपस व्हल्गॅरिसवरील प्रकाशकिरणांच्या उपचारासाठी. दुसऱ्या ल्युपसच्या रुग्णाला मात्र तेच अतिनील किरण बाधतात, हे कालांतराने उलगडले. प्रकाश असा का बाधतो, या प्रश्नाचे उत्तर मिळायला नव्वद वर्षे लागायची होती.

अमेरिकेत विल्यम ऑस्लर यांनी १८९५ पासून लिहिलेल्या लेखांतून त्वचेवरील लालीबरोबर मूत्रपिंड, हृदय, सांधे आणि आतडी यांचे विकार एकाच रुग्णात कसे येतात हे दाखवले. त्यांच्या रुग्णांपैकी सर्वांनाच ल्युपस नव्हता असे आजचे अभ्यासक मानतात, परंतु आतले अवयव हे आजाराचे मुख्य क्षेत्र असू शकते आणि त्वचा त्याची नुसती बाहेरची खूण, हा विचार त्यांच्यामुळे रुजला. न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात इमॅन्युएल लिबमन आणि बेंजामिन सॅक्स यांनी १९२४ मध्ये हृदयाच्या झडपांवर जंतूंविना वाढणाऱ्या चामखिळीसारख्या गाठींचे वर्णन केले; त्याच रुग्णालयात जॉर्ज बेअर आणि पॉल क्लेम्परर यांनी १९३५ मध्ये मूत्रपिंडाच्या सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंती तारेच्या वेटोळ्यांसारख्या जाड झालेल्या पाहिल्या. या जाड भिंतींत नेमके काय साचले आहे हे सांगण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. क्लेम्परर यांनी १९४२ मध्ये अवयवांना जोडून ठेवणाऱ्या संयोजी ऊतीचा, विशेषतः तिच्यातील कोलॅजेनचा, हा व्यापक रोग असावा अशी मांडणी केली. ती पुढे चुकीची ठरली, तरी वेगवेगळ्या अवयवांतील विकृतींना एक समान कारण असले पाहिजे हा आग्रह तिच्यात होता आणि पुढच्या संशोधनाला त्याचीच गरज होती.

खरे कारण डोळ्यांसमोर येण्यात एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या सिद्धान्ताचाही अडथळा होता. पॉल एर्लिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचे रक्त टोचले, तेव्हा परक्या रक्तपेशींना फोडणारी प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट लक्ष्याला जाऊन चिकटणारी रक्तातील प्रथिने, तयार झाली. स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध मात्र एकाही बकरीत ती आढळली नाहीत. शरीर स्वतःवर विषप्रयोग होऊ देत नाही, हे तत्त्व एर्लिक यांनी यातून मांडले. एर्लिक यांनी म्हटले होते त्याचा आशय असा की अशी प्रतिपिंडे घातक होऊ नयेत यासाठी शरीरात कोणती तरी नियंत्रणव्यवस्था असली पाहिजे. अनुयायांनी त्याचा अर्थ, अशी प्रतिपिंडे असूच शकत नाहीत, असा घेतला. थंडीने रक्तपेशी फुटण्याच्या एका विकारात रुग्णाचीच प्रतिपिंडे कारणीभूत असल्याचे डोनाथ आणि कार्ल लँडस्टायनर यांनी १९०४ मध्येच दाखवले होते, पण तो एक अपवाद मानला गेला. १९५६ मध्ये नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांत त्यांच्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करून दाखवली, तोवर जवळजवळ अर्धे शतक उलटले होते.

दरम्यान मिनेसोटातील रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज अस्थिमज्जेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. ल्युपसच्या काही रुग्णांच्या नमुन्यांत त्यांना एक विचित्र पांढरी पेशी दिसे: तिच्या पोटात एकसारखा, जांभळट, गोल गोळा असे आणि तिचे स्वतःचे केंद्रक कडेला ढकलले गेलेले असे. त्यांनी हेलन रिचमंड व रॉबर्ट मॉर्टन यांच्यासह १९४८ मध्ये या पेशीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ती ल्युपस एरिथेमॅटोसस पेशी, थोडक्यात एल.ई. पेशी, म्हणून ओळखली जाऊ लागली. तो गोळा म्हणजे दुसऱ्या एखाद्या मेलेल्या पेशीचे केंद्रक होते आणि जिवंत पांढऱ्या पेशीने ते गिळले होते. या शोधातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या दोन वर्षांत क्लीव्हलँडच्या जॉन हेझरिक यांनी दाखवली: रुग्णाच्या रक्ताचा पेशीविरहित द्रवभाग निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत मिसळला तरी एल.ई. पेशी तयार होते. दोष पेशीत नव्हता. तो रक्तात फिरणाऱ्या कोणत्या तरी द्रव्यात होता, आणि ते द्रव्य प्रतिपिंडांच्या वर्गातील प्रथिन असल्याचे लवकरच ठरले.

एल.ई. पेशीच्या चाचणीने ल्युपसचे चित्रच पालटले, हे या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवे. तोपर्यंत हा आजार दुर्मीळ आणि हमखास प्राणघातक समजला जात होता, कारण चेहऱ्यावर लाली असलेला आणि अखेरच्या टप्प्यावर पोचलेला रुग्णच तेवढा ओळखला जाई. चाचणी आल्यावर सौम्य ल्युपसच्या, नुसत्या सांधेदुखीच्या किंवा रक्तक्षयाच्या रुग्णही पुढे आल्या. एल.ई. पेशीचे वर्णन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्याच मेयो क्लिनिकमध्ये, फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडॉल यांनी कॉर्टिसोनचा पहिला वैद्यकीय वापर केला आणि दाह आवरणारे पहिले परिणामकारक औषध वैद्यकाच्या हाती आले. असे असूनही जॉन्स हॉपकिन्समधील मार्गारेट मेरेल व लॉरेन्स शुलमन यांनी १९५५ मध्ये ९९ रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा निदानानंतर चार वर्षांनी जिवंत असण्याचे प्रमाण ५१ टक्के भरले. प्रगत देशांत आज निदानानंतर दहा वर्षांनी दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्ण हयात असतात. या दोन आकड्यांमध्ये जो बदल आहे तो माणसांच्या आयुष्यांचा आहे.

त्या रक्तद्रव्याचे लक्ष्य कोणते, हे पीटर मीशर यांनी १९५४ मध्ये एका साध्या प्रयोगाने ठरवले: रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, पेशींपासून सुट्या केलेल्या केंद्रकांबरोबर ठेवले की त्यातली एल.ई. पेशी घडवण्याची शक्ती नाहीशी होई, कारण प्रतिपिंडे केंद्रकांना चिकटून निघून जात. १९५७ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण ठरले. जॉर्ज फ्रायू यांनी चमकत्या रंगद्रव्याच्या साहाय्याने केंद्रकावर बसलेली प्रतिपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली, आणि आजही ल्युपसचा संशय आला की सर्वप्रथम सांगितली जाणारी एएनए चाचणी त्याच पद्धतीची वंशज आहे. त्याच वर्षी इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे जाहीर केले की या प्रतिपिंडांचे एक लक्ष्य खुद्द डीएनए आहे. वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडून तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. सर्व सजीवांत सारख्याच घडणीचा असलेला हा रेणू प्रतिकार यंत्रणेला चिथावू शकतो, हेच अनेकांना अविश्वसनीय वाटत होते. मॅकफार्लेन बर्नेट यांनीही त्याच वर्षी प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशींच्या निवडीचा सिद्धान्त मांडला आणि स्वतःच्या शरीराला लक्ष्य करणाऱ्या पेशींचे जे वंश एरवी नष्ट व्हायला हवेत ते शिल्लक राहिले तर असा आजार होईल, असे सुचवले.

प्रतिपिंड सापडणे आणि ते अपाय करते हे सिद्ध होणे या निराळ्या गोष्टी आहेत. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील हेन्री कुंकेल यांच्या प्रयोगशाळेने ही दरी बुजवली. १९६६ मध्ये एंग टॅन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तात आजार भडकण्याच्या आसपास डीएनए आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे आलटून पालटून दिसतात हे दाखवले. १९६७ मध्ये डेव्हिड कॉफ्लर, पीटर शुर आणि कुंकेल यांनी मृत रुग्णांच्या मूत्रपिंडांतून चिकटलेली प्रतिपिंडे सोडवून घेतली, तेव्हा त्यांत डीएनएविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त आढळले. माउंट सायनायमध्ये १९३५ साली दिसलेली तारेची वेटोळी म्हणजे प्रतिपिंडे आणि त्यांचे लक्ष्य यांच्या जोडांचे साचलेले थर होते. कुंकेल आणि टॅन यांनी १९६६ मध्येच एस.एम. नावाचे आणखी एक केंद्रकीय लक्ष्य शोधले होते, आणि त्याची पुढची कथा तर वैद्यकाच्या सीमा ओलांडून जाते. येल विद्यापीठात मायकल लर्नर आणि जोन स्टाइट्झ यांनी १९७९ मध्ये ल्युपस रुग्णांच्या सीरममधील याच प्रतिपिंडांचा गळासारखा उपयोग करून केंद्रकातील आरएनए आणि प्रथिनांचे सूक्ष्म कण बाहेर काढले, आणि जनुकाचा संदेश कापून जोडण्याचे काम हे कण करतात हे त्यातून पुढे आले. पेशीतील एक मूलभूत यंत्रणा उलगडली गेली ती आजारी माणसांच्या रक्ताने बरोबर ओळखलेल्या रेणूंमुळे. विज्ञानावरील रुग्णांचे हे ऋण सहसा कोणी उच्चारत नाही.

आनुवंशिकतेचा धागा प्रथम हाती लागला तो माणसांत नव्हे, उंदरांत. न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे मारियान बील्शोव्स्की यांनी कर्करोगाच्या अभ्यासासाठी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात प्रजनन घडवून उंदरांचे शुद्ध वंश तयार केले होते. त्यांतील काळ्या रंगाच्या एनझेडबी वंशात स्वतःच्याच रक्तपेशी फोडणारी प्रतिपिंडे आढळल्याचे १९५९ मध्ये जाहीर झाले. १९६३ मध्ये बी. जे. हेलियर आणि जे. बी. हाउवी यांनी दाखवले की हा वंश पांढऱ्या एनझेडडब्ल्यू वंशाशी संकरित केला तर संततीत एल.ई. पेशी आणि ल्युपससारखाच मूत्रपिंडाचा आजार उद्भवतो. पांढरा जनकवंश दिसायला निरोगी होता. दोन्ही घराण्यांतील काही जनुके एकत्र आल्याखेरीज पूर्ण आजार प्रकट होत नाही, हा निष्कर्ष अटळ होता. आणि माद्या नरांच्या कितीतरी आधी मरत, हे माणसांतल्या चित्राशी जुळणारे होते. फ्लोरिडातील एडवर्ड वेकलँड आणि लॉरेन्स मोरेल यांनी १९९४ पासून या उंदरांच्या गुणसूत्रांवरील दोषी पट्टे एकेक करून वेगळे केले, तेव्हा एका पट्ट्यामुळे केंद्रकाविषयीची सहनशीलता सुटते, दुसऱ्यामुळे प्रतिपिंडे घडवणाऱ्या बी-पेशी अतिउत्साही होतात, तिसऱ्याचा परिणाम टी-पेशींच्या वागण्यावर होतो, आणि यांपैकी एकटा कोणताही पट्टा प्राणघातक आजार घडवत नाही, असे आढळले.

माणसांतही असेच असावे, अशी चिन्हे जुळ्यांच्या अभ्यासांतून मिळाली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सारख्या जनुकांच्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असता दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण २४ टक्के, तर भिन्न जुळ्यांत २ टक्के आढळले. जनुकांचा वाटा यातून उघड होतो आणि तितकेच हेही उघड होते की सर्व जनुके सारखी असूनही चारांपैकी सुमारे तीन जुळी भावंडे त्या काळात निरोगी राहिली. सहाव्या गुणसूत्रावरील ऊतिसादृश्याच्या, म्हणजे एचएलए, जनुकांशी ल्युपसचा संबंध १९७१ मध्येच दिसला होता. पण सर्वांत बोलका पुरावा आला तो अत्यंत विरळ अशा काही कुटुंबांकडून.

रक्तात पूरक प्रथिने नावाची एक साखळी असते. प्रतिपिंड लक्ष्यावर बसले की ती पेटते, दाह निर्माण करते आणि जंतूंना भोक पाडते. ल्युपस भडकला की ही प्रथिने खर्ची पडतात, त्यामुळे ज्यांच्यात ती जन्मतःच नाहीत त्यांना ल्युपसपासून संरक्षण मिळावे असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात उलटे निघाले. साखळीतील पहिले प्रथिन, सी१क्यू, ज्यांच्यात अजिबात नसते अशा ज्ञात व्यक्तींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना ल्युपस किंवा ल्युपससदृश आजार झालेला आहे. माणसाच्या कोणत्याही एका जनुकातील दोषाचा या आजाराशी इतका घट्ट संबंध क्वचितच आढळतो. या कोड्याची उकल १९९० च्या दशकात झाली. बाल्टिमोरच्या लिव्हिया कॅशिओला-रोझेन आणि अँटनी रोझेन यांनी १९९४ मध्ये त्वचेच्या पेशींवर अतिनील किरण सोडले, तेव्हा त्या पेशी नियोजित मृत्यू पत्करू लागल्या, म्हणजे शिस्तीने स्वतःला मोडू लागल्या, आणि त्यांच्या पृष्ठभागावर आलेल्या फुगवट्यांत ल्युपसची नेमकी लक्ष्ये गोळा झालेली दिसली. एरवी केंद्रकात लपलेले द्रव्य उन्हामुळे उघड्यावर येते. प्रकाश का बाधतो याचे हे पहिले सुसंगत उत्तर होते. १९९८ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मरीना बोट्टो आणि मार्क वॉलपोर्ट यांनी सी१क्यू नसलेले उंदीर घडवले, आणि त्यांच्या मूत्रपिंडांत न उचललेल्या मृत पेशींचे ढीग सापडले. घरातला केर रोजच्या रोज बाहेर गेला नाही तर तो कुजून उपद्रव करतो, तसे शरीरात रोज मरणाऱ्या कोट्यवधी पेशींचे अवशेष उचलण्याचे काम या प्रथिनांकडे असते आणि ते खोळंबले की केंद्रकातले द्रव्य प्रतिकार यंत्रणेच्या नजरेस पडत राहते. पेशीतील भरकटलेला डीएनए तोडणाऱ्या ट्रेक्स१ या विकरातील दोष २००७ मध्ये आणि रक्तातला डीएनए तोडणाऱ्या डीएनेज१एल३ मधील दोष २०११ मध्ये काही ल्युपस रुग्णांत सापडले, तेव्हा या मांडणीला जनुकांचीच साक्ष मिळाली.

परंतु न उचललेला डीएनए एवढी खळबळ का माजवतो, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर विषाणूंशी चाललेल्या जुन्या झुंजीत आहे. लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमान यांनी १९५७ मध्ये शोधलेले इंटरफेरॉन हे विषाणूची चाहूल लागताच पेशीने शेजारच्या पेशींना दिलेल्या इशाऱ्याचे द्रव्य आहे. १९७९ मध्ये ल्युपस रुग्णांच्या रक्तात ते आढळले, पण त्याचा अर्थ कोणाला नीट लागला नाही. १९९० मध्ये स्वीडनमधील लार्स रोनब्लोम यांनी कर्करोगासाठी इंटरफेरॉन दिल्यानंतर ल्युपस झालेल्या एका रुग्णाची नोंद केली. २००३ मध्ये मिनेसोटा आणि डॅलस येथील दोन गटांनी रुग्णांच्या रक्तपेशींतील हजारो जनुकांची हालचाल एकदम मोजली आणि इंटरफेरॉनने जागी होणारी जनुके एकत्रितपणे चेतवलेली त्यांना दिसली. विषाणू नसतानाही शरीर विषाणूशी लढत असल्यासारखे वागत होते. विषाणूचा आरएनए किंवा डीएनए ओळखणारे टीएलआर७ आणि टीएलआर९ नावाचे ग्राही रेणू पेशीच्या आतल्या पिशव्यांत दडवलेले असतात, म्हणजे बाहेर फिरणारा स्वतःचा डीएनए त्यांच्यापर्यंत सहसा पोचत नाही. अ‍ॅन मार्शक-रॉथस्टाइन यांच्या बॉस्टनमधील गटाने २००२ मध्ये दाखवले की केंद्रकद्रव्याला प्रतिपिंड चिकटलेले असेल तर बी-पेशी तो जोड आत ओढून घेते आणि त्याबरोबर डीएनए त्या पिशवीत शिरतो. येथे वर्तुळ पूर्ण होते: प्रतिपिंडांमुळे डीएनए आत जातो, आत गेलेल्या डीएनएमुळे इंटरफेरॉन आणि आणखी प्रतिपिंडे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील जोसेफ पेन यांनी १८९४ मध्ये क्विनीन ल्युपसवर वापरले होते आणि त्याच घराण्यातील हायड्रॉक्सीक्लोरोक्विन १९५० च्या दशकापासून वापरात असून आज जवळपास प्रत्येक रुग्णाला दिले जाते. मलेरियाचे हे औषध याच पिशव्यांतील ग्राही रेणूंचे काम थोपवते, ही गोष्ट ते रूढ झाल्यावर कितीतरी वर्षांनी समजली.

२००५ नंतर हजारो रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना निरोगी माणसांशी करणारे अभ्यास झाले, आणि आजवर शंभरहून अधिक जागा ल्युपसशी जोडल्या गेल्या आहेत. आयआरएफ५ आणि स्टॅट४ ही जनुके इंटरफेरॉनच्या मार्गावरची, बीएलके आणि पीटीपीएन२२ ही लसीका पेशींच्या संयमाशी संबंधित, आयटीजीएएम हे मृत पेशींचे अवशेष ओळखून गिळण्याशी. यांपैकी बहुतेक भेद धोका थोडाच वाढवतात आणि बरेचसे प्रथिनाची घडण न बदलता जनुक किती बोलते एवढेच बदलतात. या अभ्यासांत युरोपीय आणि चिनी वंशाच्या लोकांचा भरणा मोठा असून भारतीय वंशाच्या रुग्णांचा वाटा फार थोडा राहिला आहे, ही उणीव गंभीर आहे, कारण हे भेद प्रत्येक लोकसमूहात निवडीच्या निराळ्या दबावाखाली वाढलेले असतात. त्याचे उत्तम उदाहरण मलेरियाचे आहे. बी-पेशींना लगाम घालणाऱ्या एका ग्राही रेणूचा निकामी प्रकार ल्युपसचा धोका वाढवतो, आणि केनियातील मुलांच्या अभ्यासात, २०१० मध्ये, तोच प्रकार गंभीर मलेरियापासून संरक्षण देताना आढळला. ब्रायन ग्रीनवुड यांनी १९६८ मध्ये नायजेरियात असे आजार विरळ असल्याचे नोंदवून परजीवींच्या संसर्गाशी त्याचा संबंध सुचवला होता आणि दोन वर्षांनी एनझेडबी उंदरांना मलेरियाची लागण करून त्यांचा आजार मंदावतो हेही दाखवले होते. प्रतिकार यंत्रणेला सावध ठेवणारी जनुके ज्या जगात निवडली गेली ते जग संसर्गांनी भरलेले होते, एवढे या पुराव्यांवरून म्हणता येते.

स्त्रियांनाच हा आजार का, याचे उत्तर बराच काळ केवळ संप्रेरकांत शोधले गेले. २००८ मध्ये हाल स्कोफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोन एक्स आणि एक वाय गुणसूत्र असलेल्या पुरुषांत ल्युपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे चौदापट, म्हणजे जवळजवळ स्त्रियांइतका असतो. आरएनए ओळखणारे टीएलआर७ जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स गुणसूत्र निद्रिस्त केले जाते, तरी काही प्रतिकार पेशींत हे जनुक त्या निद्रेतून सुटते आणि दोन्ही प्रती बोलू लागतात, हे फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये सिद्ध केले. त्याआधी, २००६ मध्ये, एका उंदीरवंशात नरांनाच ल्युपस होण्याचे कारण त्यांच्या वाय गुणसूत्रावर चुकून आलेली टीएलआर७ ची जादा प्रत हे असल्याचे दिसले होते. २०२२ मध्ये कारोला विनुएसा यांच्या गटाने लहानपणीच गंभीर ल्युपस झालेल्या एका मुलीच्या टीएलआर७ जनुकात एकाच अमिनो आम्लाचा बदल शोधला आणि तोच बदल उंदरांत करून आजार निर्माण केला.

जनुके जन्मापासून तीच असतात; आजार मात्र वीस-तीस वर्षांनी उमटतो. मधल्या काळात काय चालते याची झलक २००३ मध्ये मेलिसा आर्बकल, जॉन हार्ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैन्यदलात साठवलेल्या सीरमच्या नमुन्यांतून मिळवली. पुढे ल्युपस झालेल्या १३० सैनिकांपैकी ८८ टक्क्यांच्या जुन्या नमुन्यांत निदानापूर्वीच, काहींत नऊ वर्षांहून अधिक काळ आधी, ल्युपसशी निगडित किमान एका प्रकारची प्रतिपिंडे होती, आणि अशी प्रतिपिंडे ठरावीक क्रमाने जमत गेली होती; डीएनएविरोधी आणि एस.एम.विरोधी प्रतिपिंडे सामान्यतः उशिरा, आजाराच्या उंबरठ्यावर येत.

उपचारांच्या बाजूने, बी-पेशींचे पोषण तोडणारे बेलिमुमॅब २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विननंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने ल्युपससाठी मंजूर झालेले ते पहिले नवे औषध होते; इंटरफेरॉनचा ग्राही रेणू झाकणारे अ‍ॅनिफ्रोलुमॅब २०२१ मध्ये आले. जर्मनीतील एर्लांगेन येथे गेऑर्ग शेट यांच्या गटाने त्याहून मूलगामी उपाय केला: रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, बी-पेशी ओळखून मारणारा कृत्रिम ग्राही रेणू त्यांच्यात बसवून, त्या परत शरीरात सोडल्या. अन्य औषधांना दाद न देणाऱ्या पाच रुग्णांचा अनुभव त्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. तीन महिन्यांत सर्वांचा आजार शमला आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडे नाहीशी झाली. काही महिन्यांनी अस्थिमज्जेतून नव्या बी-पेशी तयार होऊन रक्तात परतल्या, तेव्हाही या रुग्णांची औषधे बंदच होती. परतलेल्या पेशी कोणत्याही लक्ष्याशी आधी गाठ न पडलेल्या, कोऱ्या होत्या, आणि धोक्याची सर्व जनुके पूर्वीइतकीच शरीरात असूनही त्या निरीक्षणकाळात केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे पुन्हा तयार झाली नाहीत.